लोखंड फुकट मिळालं आणि गेमची मजाच गेली

"अक्का, नमस्कार. आम्ही चौघं दोस्त. मी बेळगावच्या वडगावात राहतो, उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. एक गोकाकला घरचं दुकान बघतो, एक निपाणीचा पण सध्या पुण्यात, आणि एक आमच्याच गल्लीतला, तो बेंगळूरला आयटीत. गेल्या पावसाळ्यापासनं आम्ही रात्री जेवणं झाली की व्हॅलहाईम, म्हणजे जंगलात जगायचा आणि घर बांधायचा कॉम्प्युटर गेम, खेळायचो, हेडफोनवर अर्धं मराठी अर्धं कन्नड चालायचं. गोकाकचा शेती आणि स्वयंपाक बघायचा, निपाणीचा पुढं जाऊन नवीन जागा शोधायचा, लोखंड आणायचं काम माझं, आणि बेंगळूरचा मोठा वाडा बांधत होता. त्याला सारखं लोखंड कमी पडायचं. एका रात्री आम्ही कोणी नसताना त्यानं चीटची कमांड मारून सगळ्या पेट्या लोखंड, चांदी, लाकूड घालून भरून टाकल्या. पहिल्यांदा आम्ही पण नाचलो. पण त्यानंतर हळूहळू कुणी येईनाच. मी चिडून ग्रुपवर बोललो तर तो म्हणाला, गेम आहे रे, नोकरी नव्हे. आता आम्ही दोघं बोलत नाही. आई म्हणते दिवसभर भट्टी, रात्री पण भट्टी, डोकं फिरलंय तुझं. एवढंच सांग, मजा नेमकी कशात होती, ती परत आणता येते का, का माझंच चुकलं? आणि धाकटी बहीण आताच बारावी झाली, ती पण असला गेम मागतेय, घरच्या साध्या लॅपटॉपवर काय चालेल? – वडगावचा खाणवाला"

खाणवाल्या, मी स्वतः हे असले गेम खेळते, त्यामुळं तू काय म्हणतोयस ते मला आतनं कळतंय. पेट्या भरलेल्या आहेत, कशाची म्हणून कमी नाही, आणि तरी गेम उघडावासा वाटत नाही, ही फार विचित्र अवस्था असते, माणसाला वाटतं आपल्यालाच कंटाळा आला असेल, नाहीतर वय झालं असेल. तसलं काही नाही बघ. तुमच्या गेममधनं एक गोष्ट निघून गेली, आणि ती कुठली ते एकदा कळलं की परत घालता पण येते.

आधी तुझ्या आईचं घेते, कारण तिनं रागानं म्हटलं असलं तरी प्रश्न अगदी नेमका आहे. ज्या माणसानं दिवसभर फर्नेसच्या धगीत काम केलंय त्यानं घरी येऊन, जेवून, परत कॉम्प्युटरवर कोळसा पाडायचा आणि भट्टीत लोखंड टाकायचं, ते पण स्वतःच्या खुशीनं? हो, आणि मला यात कसलाच वेडेपणा दिसत नाही. फाउंड्रीत तुझ्या वाट्याला कामाचा एक तुकडा येतो. मोल्डिंगला असशील तर साचा तुझा, ओतायला असशील तर ओतणं तुझं, पुढं ते कास्टिंग फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला गेलं, मशिनिंगला गेलं, ट्रकमधे चढलं, शेवटी कुठल्या पंपात बसलं का कुठल्या गाडीत ते तुला बहुतेक कधी दिसतच नाही. गेममधे पहिल्यापासनं शेवटपर्यंत सगळं तुझं. झाड तू तोडलंस, त्याचा कोळसा तू पाडलास, दलदलीत बुडालेल्या तळघरात शिरून चिखलातलं भंगार लोखंड तू खोदलंस, भट्टी एका तुकड्याला दोन कोळसे खाते आणि अर्ध्या मिनिटानं एक पट्टी बाहेर टाकते ती तू उचललीस, तिचे खिळे केलेस, त्या खिळ्यांनी लांब जहाज बांधलंस आणि त्याच जहाजातनं पुढच्या खेपेला जास्त लोखंड आणलंस. एका कामातनं दुसरं काम निघतं आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच रात्री डोळ्यासमोर उभं राहतं. दमलेल्या माणसाला असं काम थकवत नाही, उलट मोकळं करतं. आईला हे भाषण देऊ नको, तिला एकदा शेजारी बसवून तुमचं घर फिरवून दाखव, कुठली भिंत कधी आणि का घातली ते सांग, आई लोकांना घराच्या गोष्टी लगेच कळतात.

आता मजा कशात होती ते. मला वाटतं या सगळ्या गेमची मजा पहिल्या संध्याकाळी सुरू होते. माइनक्राफ्ट घे. २०११ ला पूर्ण बाहेर आलेला गेम, ३० कोटींच्या वर कॉप्या खपल्या, इतकी वर्षं झाली तरी त्याची पहिली संध्याकाळ जशीच्या तशी काम करते. त्यातला अख्खा दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटं, त्यात चांगलं ऊन १० मिनिटं. तू रिकाम्या हातानं उभा, कोणी काही सांगत नाही, झाडं आहेत, मेंढरं चरतायत, छान वाटतंय, आणि बघता बघता सूर्य खाली जातो की धावपळ सुरू, मातीचं म्हणा दगडाचं म्हणा, डोक्यावर झाकण असलेलं काहीतरी पायजे म्हणून. मग तू त्या बिळात अंधारात उभा, बाहेर झोंबींचे कण्हल्यासारखे आवाज येतायत, आणि त्या घटकेला त्या बिळाइतकी चांगली जागा जगात दुसरी नसते. घर म्हणजे काय हे गेमनं तुला एका वाक्यानं सुद्धा सांगितलेलं नसतं, फक्त रात्र केलेली असते.

व्हॅलहाईमनं हेच अजून बारीक विणलंय. फेब्रुवारी २०२१ ला तो आला तेव्हा स्वीडनची पाच जणांची टीम होती त्यांची, आणि महिन्याभरात ५० लाखांच्या वर कॉप्या गेल्या, ग्राफिक्स बघितलं तर जुन्या काळातलं वाटतं, मग एवढं काय आहे त्यात? माझं उत्तर असं की त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी अडचणीला उत्तर म्हणून येते. हत्यारं करायच्या टेबलाला वर छप्पर लागतं, नाहीतर काम करता येत नाही. छप्पर घातलंस. झोपायला पलंग केलास तर त्याला जवळ आग लागते. आग आत आणलीस तर धूर कोंडून जीव कमी व्हायला लागतो. म्हणून छपराला भोक पाडलंस. भोकातनं पाऊस येऊन आग विझली. म्हणून भोकावर थोडी जागा सोडून वर टोपी बसवलीस, आणि झालं, तू धुराडं बांधलंस, कुठंही शिकवलेलं नसताना. पावसात उघडं राहिलेलं लाकूड अर्ध्यापर्यंत झिजतं म्हणून छपराची कड पुढं काढलीस. असं करत करत घर वाढतं, आणि त्यातल्या एकाही गोष्टीला "उगीच" म्हणता येत नाही. माझ्या मते हेच या गेमचं खरं कसब आहे, बाकी राक्षस आणि तलवारी शेकड्यानं गेममधे मिळतात.

आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगू? आराम. घरात आगीजवळ थोडं बसलं की विश्रांती मिळाल्याचा बोनस लागतो, दम लवकर भरतो, जखम लवकर भरते, कसब पण लवकर वाढतं. हा बोनस कमीत कमी ८ मिनिटं टिकतो आणि घर जितकं आरामाचं तितकं एकेक मिनिट वाढत जातं. खुर्ची ठेव, टेबल ठेव, हरणाच्या कातड्याचा गालिचा अंथर, भिंतीला झेंडा लाव. म्हणजे जी सजावट दुसऱ्या गेममधे नुसती बघायची असते ती इथं जंगलात तुझा जीव वाचवते. जेवणाचं पण तसंच. डोंट स्टार्व्ह नावाच्या गेममधे भूक मारते, पोट रिकामं झालं की जीव कमी कमी होत खेळ खलास. व्हॅलहाईममधे उपाशी मरत नाही कोणी, पण तीन वेगवेगळी चांगली पक्वान्नं खाऊन निघालास तर अंगात कितीतरी जास्त जीव आणि दम, न खाता निघालास तर एका फटक्यात आडवा. म्हणून तुमचा गोकाकचा दोस्त मोठ्या कामाचा होता हे लक्षात ठेव, ते आता येतंय.

आता मुद्द्याचं. तुझं लोखंड.

व्हॅलहाईममधे पोर्टल असतात, एका दारातनं शिरायचं दुसऱ्यातनं निघायचं, मैलभराची चाल वाचते. पण धातू घेऊन पोर्टलमधनं जाता येत नाही. तांबं नाही, कथील नाही, लोखंड नाही, चांदी नाही. नवीन खेळणारा प्रत्येक माणूस यावर चिडतो, मला मात्र ही त्या गेममधली सगळ्यात शहाणी अट वाटते, कारण या एका अटीमुळं समुद्राला अर्थ येतो. लोखंड आणायचं म्हणजे जहाज पायजे, जहाजाला धक्का पायजे, वारा उलटा असेल तर वल्हवत बसायचं, रात्री वादळात समुद्रसर्प मागं लागणार, आणि त्यात तू मेलास तर सगळं सामान तिथंच राहणार, रिकाम्या हातानं परत जाऊन तुझीच समाधी शोधून काढायची. हे सगळं करून जेव्हा जहाज खाडीत शिरतं आणि तुमच्या घराचा दिवा दिसतो, तो जो आनंद आहे ना, तो लोखंडाचा नसतोच, परतण्याचा असतो. बाहेर जेवढी भीती, तेवढं घर आपलं.

म्हणजे तुमच्या चौघांचं बघ आता. निपाणीचा पुढं जाऊन तळघरं शोधायचा, कशासाठी, तुला खोदायला. गोकाकचा रांधायचा, कशासाठी, तुम्ही दलदलीत जिवंत राहावं म्हणून, आणि मला खात्री आहे की तिथं मागनं काहीतरी आलं की हेडफोनवर "ओडो, ओडो!" (पळ रे, पळ!) पण तोच ओरडत असणार. तू लोखंड आणायचास, कशासाठी, बेंगळूरच्याच्या वाड्याला. आणि तो वाडा, धक्का, भिंत बांधायचा, कशासाठी, तुम्हाला परत यायला जागा असावी म्हणून. चौघांची कामं एकमेकांत अडकलेली होती आणि मधली कडी होती लोखंड. ते फुकट झालं त्या रात्री तुझं काम गेलं, ते तुला लगेच टोचलं म्हणून तू बोललास. पण तुझ्याबरोबर शोधणाऱ्याचं पण काम गेलं, रांधणाऱ्याचं पण गेलं, आणि गंमत अशी की बांधणाऱ्याचं सुद्धा गेलं, कारण ज्या घराकडं कुणाला परतायचंच नाही ते बांधून कुणाला दाखवायचं? म्हणून कुणी येईना झालं. कंटाळा आला म्हणून नव्हे, एकमेकांची गरज संपली म्हणून.

दिवाळीचा किल्ला आठव. आपल्याकडं गल्लोगल्ली पोरं किल्ला करतात, कुणी माती आणतो, कुणी दगड-विटा, कुणाच्या घरातनं जुनी पोती निघतात, ती चिखलात बुडवून वर पांघरायची, अळीव नाहीतर मोहरी टाकून हिरवळ काढायची, खंदकातलं पाणी मुरतंय म्हणून प्लास्टिक शोधत हिंडायचं, मावळे कुठं ठेवायचे यावर भांडण. आता बाजारात तयार किल्ला पण मिळतो, दिसायला जास्त सुबक असतो. समज चौथ्या दिवशी सकाळी उठून तुम्ही बघितलं असतं की कुणीतरी अर्धा झालेला किल्ला पुरा करून, रंगवून, लाइटिंग सकट ठेवलाय. मिनिटभर तोंडाचा आ झाला असता. आणि त्यानंतर पोरांनी करायचं काय होतं त्या बोळात?

यावर अभ्यास पण झालेलाय. अमेरिकेतल्या मायकेल नॉर्टन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा २०१२ चा पेपर आहे, त्यात लोकांना सामान ठेवायची खोकी जुळवायला दिली, कागदाच्या घड्यांची खेळणी करायला दिली, आणि दिसलं असं की स्वतः केलेलं ओबडधोबड खेळणं सुद्धा करणाऱ्याला उस्तादानं केलेल्याच्या तोडीचं वाटतं. पण त्याच पेपरमधली दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात, आणि तुमच्यासाठी तीच महत्त्वाची आहे, की काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं तर ही माया उरत नाही. तुमचा वाडा चौघांच्या हातानं पुरा व्हायला पायजे होता, तो तसा झाला नाही, दिसायला उभा असला तरी.

आता बेंगळूरच्याची बाजू, आणि ती मला तितकीच खरी वाटते. तू त्याला आळशी समजतोयस, कामचुकार समजतोयस. तो तसा नाही. त्याची मजा बांधण्यात आहे आणि ही मजा काय कमी नव्हे. व्हॅलहाईममधे भिंतीवर हातोडा धरला की रंग दिसतो, जमिनीला टेकलेलं निळं, मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि लाल झालं की पुढचं लाकूड टिकत नाही, खाली येतं. म्हणजे उंच वाडा बांधायचा तर कुठला खांब कुठं, भार कसा खाली न्यायचा याचा खरोखर विचार करावा लागतो, आणि लोखंड जडवलेल्या तुळयांशिवाय मोठी उंची मिळत नाही. शिवाय बांधलेलं पाडलं तर सगळं सामान परत मिळतं, त्यामुळं बांधणारा माणूस दहा वेळा पाडून दहा वेळा बांधतो, त्यातच रमतो. अशा माणसाच्या डोक्यात अख्खा वाडा तयार असतो आणि हातात चार पट्ट्या असतात. त्यात नोकरीचं, रात्रीचे कॉल, आठवड्यात जेमतेम दोन-तीन तास मोकळे मिळत असणार, त्यातले दोन तास तुझी वाट बघत धक्क्यावर बसायचं का त्यानं? त्यानं तुमच्यासाठी पण पेट्या भरल्या हे विसरू नको. त्याच्या मनात ती भेट होती. "गेम आहे, नोकरी नव्हे" म्हणाला त्यात मला टोमण्यापेक्षा थकवा जास्त ऐकू येतोय.

तुझं चुकलं का म्हणून विचारलंस. रागावलास ते बरोबर, सगळ्यांसमोर ग्रुपवर बोललास ते बरोबर नाही. ज्यानं दुसऱ्यांसाठी म्हणून काही केलंय त्याला चौघांत सुनावलं की तो मागं हटत नाही, बाजू धरून बसतो. फोन कर त्याला. मेसेज नको, फोन. आणि लोखंडावर बोलू नको पहिल्यांदा. म्हण, तुझ्या वाड्यासाठी आणायला मला आवडत होतं रे, आता तुला माझी गरज नाही असं वाटलं, म्हणून चिडलो. हे त्याला माहीतच नसणार. त्याला वाटत असणार की खोदकाम हा तुझ्या डोक्याला ताप आहे आणि त्यानं तो वाचवला. फोनवर नाहीच जमलं तर गणपतीला तो रात्रीची गाडी धरून घरी येईलच की, तेव्हा गल्लीत समोरासमोर बसून बोला, चौघं असाल तर अजून चांगलं, पण मला वाटतं तेवढा वेळ जाऊ देऊ नको.

मग गेमचं. जुनं वर्ल्ड पुसू नका, राहू दे तसंच, त्याची एक कॉपी काढून ठेवा. नवीन वर्ल्ड सुरू करा आणि कॅरॅक्टर पण नवीन करा, हे महत्त्वाचं आहे, कारण व्हॅलहाईममधे अंगावरचं सामान कॅरॅक्टरबरोबर दुसऱ्या वर्ल्डमधे जातं, जुन्या कॅरॅक्टरनं गेलात तर कोणीतरी खिसे भरून लोखंड नेणारच, मोह कुणाला सुटलाय.

आणि सुरू करायच्या आधी चौघांनी मिळून वर्ल्डच्या सेटिंगा ठरवा. २०२३ पासनं त्यात ही सोय आलीय, बऱ्याच जुन्या खेळणाऱ्यांना माहीत नसते. सामान किती मिळावं ते वाढवता येतं, दीडपट, दुप्पट, तिप्पट. मरणाची शिक्षा हलकी करता येते. घरावरचे हल्ले कमी-जास्त करता येतात. पोर्टलमधनं धातू न्यायची मुभा पण देता येते, ती मात्र माझं ऐकाल तर देऊ नका, समुद्र जाईल. माझ्या मते तुम्हाला सामान दुप्पट हे बरोबर बसेल. म्हणजे तू दलदलीत जाशीलच, जहाज भरून आणशीलच, पण एका खेपेत दोन खेपांचं काम होईल आणि बेंगळूरच्याला ताटकळत बसावं लागणार नाही. ज्याला वेळ कमी आहे त्याच्यासाठी रस्ता आखूड करायचा, पण रस्ता काढून टाकायचा नाही. कमांड मात्र चौघांनी हो म्हटल्याशिवाय कोणी मारायची नाही, फक्त बगमुळं सामान गेलं किंवा कुणाची लाईट गेली आणि भर समुद्रात मेला असलं काही झालं तर. पावसाळ्यात हे होणार, त्याची सोय आधीच बोलून ठेवली तर भांडण होत नाही.

बेंगळूरच्यासाठी अजून एक आहे आणि हे त्याला तू सुचवलंस तर त्याला फार बरं वाटेल. हॅमर मोड म्हणून तयार सेटिंग आहे, त्यात बांधायला सामान लागत नाही. त्याला एक वेगळं वर्ल्ड तसलं करू दे, तिथं तो हवा तेवढा वाडा उभारून बघू दे, रात्री दोन वाजता असो की जेवणाच्या सुट्टीत असो. मग त्यानं सांगायचं, बाबा, या डिझाइनला एवढ्या लोखंडी तुळया लागतात. आणि खऱ्या वर्ल्डमधे तुम्ही तिघं तेवढं आणायचं. म्हणजे फुकटची मजा त्याची त्याला मिळते, ती पण मजाच आहे, माइनक्राफ्टमधे कितीतरी लोक फक्त क्रिएटिव्ह मोडच खेळतात आणि अफाट सुंदर शहरं बांधतात, त्यांना कमी लेखायचं काही कारण नाही. फक्त दोन्ही मजा एका पेटीत ठेवल्या की एक दुसरीला खाते, तुमच्यात तेच झालं.

कधीतरी कामं पण बदला. त्याला एकदा दलदलीत ने, जळवा आणि ड्रॉगर, म्हणजे तिथली चालती मढी, अंगावर येऊ दे, आणि तू एखादी भिंत बांध, वाकडी का होईना. घरातली एक खोली तरी प्रत्येकानं स्वतः बांधलेली असावी असं मला वाटतं. आणि मोठ्या बॉसला, म्हणजे मुख्य राक्षसाला, चौघं असल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम तर सगळ्या ग्रुपनी भिंतीवर लिहून ठेवावा.

एक गोष्ट मात्र माझी ऐकायचीच. सकाळची शिफ्ट असेल त्याच्या आदल्या रात्री खेळायचं नाही. ऑफिसात बसणाऱ्याची झोप झाली नाही तर तो जांभया देतो, तुझ्या कामात समोर वितळलेलं लोखंड असतं. या गेममधे "हे एवढं झालं की बंद" म्हणता म्हणता दोन वाजतात, कारण एका कामातनं दुसरं निघतं असं मी वर म्हटलं ते इथं उलटं फिरतं. म्हणून एका रात्रीला एक खेप, जहाज धक्क्याला लागलं की बंद, असं चौघांनी ठरवा. घड्याळ बघून उठणं जमत नाही, जहाज लागल्यावर उठणं जमतं. आईचा अर्धा राग याच्यानंच जाईल.

राहिली बहीण. साध्या लॅपटॉपवर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, टेरेरिया सगळ्यात बरा, तो पण २०११ चाच, बाजूनं दिसणारा, छोटा वाटतो पण आत शेकडो तासांचं आहे, आणि त्यात घर नीट बांधून दिलं तर एकेक माणूस राहायला येतो, भिंत, दार, दिवा, टेबल, खुर्ची असं सगळं असल्याशिवाय येत नाही, ते तिला आवडेल. माइनक्राफ्ट पण सेटिंग कमी करून चालतो. डोंट स्टार्व्ह चालतो पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला फार लवकर मारतो, वैताग येतो, नंतर दे. पुढंमागं चांगलं मशीन झालं आणि तिला समुद्र आवडत असेल तर सबनॉटिका, त्यात पाण्याखाली घर बांधायचं असतं आणि नकाशा मिळत नाही, भीती वाटते पण फार सुंदर आहे, भूक-तहान नको असेल तर फ्रीडम मोड निवडायचा. ग्राउंडेड मधे माणूस मुंगीएवढा होऊन परसातल्या गवतात घर बांधतो, तिला कोळ्यांची भीती असेल तर कोळी कमी भयानक दिसायची सेटिंग पण आहे त्यात. आणि तिला पहिल्या संध्याकाळी शेजारी बसून काही शिकवू नको हं, अंधार पडू दे, तिचं ती बघेल.